धामण : आपल्या फडाची बिनपगारी राखणदार



तोड चालू असताना फडातून काय काय निघते हे आपणांस सांगायला नको. ससा निघतो, मुंगूस निघते, रानमांजर निघते. आणि फडाचा शेवटचा तुकडा राहिला म्हणजे पुष्कळदा एखादी लांबलचक धामण निघते. ‘साप, साप’ अशी ओरड होते, कोयते आणि काठ्या पुढे येतात आणि दोन मिनिटांत जनावर खलास. मग तिला काठीवर उचलून बांधापलीकडे भिरकावतात आणि काम पुढे चालू. कुणी हटकलेच तर उत्तर ठरलेले : “साप तो सापच. त्याला काय ओळखायचं?”

आमचे म्हणणे असे, की ओळखायचे. त्याला दोन कारणे आहेत. एक पैशाचे आणि दुसरे जिवाचे. ज्याला धामण ओळखता येत नाही तो आपल्या उसाचा राखणदार स्वतःच्या हाताने मारतो. आणि ज्याला धामण ओळखता येते असे नुसते वाटते, तो एखादे दिवशी नागाला धामण समजून हात घालतो. म्हणून या अंकात धामणीची हकीकत जरा विस्ताराने देत आहोत.

आधी उंदराचा हिशेब

उसाला उंदीर आणि घूस यांचा उपद्रव किती हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. उंदीर बुडख्याजवळची कांडी कुरतडतो. तो सगळा ऊस खात नाही. थोडा खातो आणि बाकीचा नासवतो. कुरतडलेल्या जागेतून बुरशी शिरते, रस आंबतो आणि तो ऊस वजनालाही कमी भरतो व उताऱ्यालाही. वाऱ्याने लोळलेला ऊस असेल तर मग विचारूच नका. उंदराला आयता मांडवच मिळतो. त्यातच बांधाला आणि पाटाला बिळे पडली की रात्रीचे पाणी भलतीकडेच जाते. सकाळी जाऊन पाहावे तर आपली सरी कोरडी आणि शेजाऱ्याच्या रानात तळे. भावकीतली निम्मी भांडणे या बिळांतून निघतात म्हटले तरी चालेल.

घुशीच्या जातीचा जो शेतउंदीर आपल्याकडे आहे त्याची मादी साधारण तीन आठवड्यांत विते. एका वेताला सहा-आठ पिले सहज होतात आणि ती पिले तीन-एक महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पसरतो. ओल्या रानात अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाला जखम असली तर तेथून हा रोग अंगात शिरतो. तेव्हा उंदीर हा नुसता उसाचा शत्रू नाही, घरचाही आहे.

आता मांजर बिळात शिरू शकत नाही. घुबड रात्री उंदीर उचलते, पण तो बाहेर आला तर. बिळात शिरून, वळणे घेत घेत, थेट पिलांपर्यंत पोहोचणारे जनावर म्हणजे साप. त्यातही दिवसाउजेडी, झपाझप, एका बिळातून दुसऱ्या बिळात फिरणारी म्हणजे धामण. इंग्रजीत तिला उंदरांचा साप अशा अर्थाचेच नाव आहे, ते उगीच नव्हे.

धामण ओळखावी कशी?

धामण अंगाने सडपातळ आणि लांब असते. पुरी वाढलेली धामण बहुधा पाच ते सात फूट भरते. याहून मोठीही आढळते. रंग एकच नसतो. पिवळसर, मातकट, तपकिरी, हिरवट, राखाडी, क्वचित जवळजवळ काळी, अशा अनेक छटा दिसतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. पुढील खुणा पाहाव्यात.

डोके लांबट असून मान डोक्यापेक्षा बारीक असते. डोळे मोठे आणि बाहुली गोल असते. ओठांवर उभ्या काळ्या रेघा असतात, जणू कुणी शाईने आखल्या आहेत. अंगाच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर काळपट आडवे पट्टे किंवा जाळी दिसते. शेपटी लांब, जवळजवळ एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, आणि टोकाला निमुळती होत जाते.

स्वभावाने धामण पळपुटी. माणसाची चाहूल लागली की ती थांबत नाही, सळसळत निघून जाते. झाडावर चढते, पाण्यात उत्तम पोहते. चारी बाजूंनी कोंडली तर मात्र ती गळा फुगवते, मान दोन्ही बाजूंनी चपटी करते आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढते. हे सारे भेवडावणे असते. पकडली तर कडकडून चावतेही, रक्तही येते. पण तिच्या दातांत विष नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नागाने फणा काढला म्हणजे तो नाग, हे शेंबडे पोरही सांगेल. पण पळणारा, बिळात अर्धा शिरलेला किंवा पाचटाखाली पडलेला नाग फणा काढून बसलेला नसतो. अशा वेळी तपकिरी नाग आणि तपकिरी धामण यांत भलेभले चुकतात. तेव्हा या खुणा दुरून पाहण्यासाठी आहेत, हात घालण्यासाठी नाहीत. शंका आली की तो साप विषारीच समजावा आणि बाजूला व्हावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आपल्या भागात जिवाला धोका असलेले मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाची खूण फणा. मण्यार काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, आणि ती रात्री फिरते. घोणस जाड अंगाची, आखूड शेपटीची. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. फुरसे लहान, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करणारे. यांतल्या घोणशीची आणि उसाची गाठ नेहमीची, कारण तीही उंदरामागेच येते. बाकी दिवड, गवत्या, तस्कर, कवड्या, धूळनागीण, मांडूळ ही मंडळी बिनविषारी आहेत.

धामणीचा जीवनक्रम

शास्त्रज्ञ धामणीला ‘टायस म्यूकोसा’ म्हणतात. तिची शास्त्रीय नोंद स्वीडनचे लिनिअस यांनी १७५८ साली केली. पश्चिमेकडे इराण-अफगाणिस्तानापासून पूर्वेकडे चीन आणि जावापर्यंत ती आढळते. आपल्या देशात तर रान, डोंगर, गावठाण, शहर, कुठेही. जिथे उंदीर आणि बेडूक तिथे धामण, असा सोपा हिशेब आहे.

धामण दिवसा शिकार करते. तिला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर तिला अंगाने कळते. जीभ सारखी आत-बाहेर करते ती डसण्यासाठी नव्हे. जिभेने ती हवेतला वास गोळा करते आणि टाळूतल्या एका इंद्रियाकडे पोहोचवते. या जिभेच्या जोरावरच बिळाच्या तोंडाशी तिला कळते, की घरात मालक आहे की नाही.

अजगरासारखी वेटोळे घालून ती भक्ष्याला आवळत नाही. जबड्यात धरते, अंगाखाली जमिनीवर दाबते आणि पुष्कळदा जिवंतच गिळू लागते. तिचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. एकदा धरले की भक्ष्य आतच सरकते, बाहेर येत नाही. खालच्या जबड्याच्या दोन फाका लवचिक बंधाने जोडलेल्या असल्याने डोक्याहून जाड उंदीरही ती गिळते. लहान धामणीचे पोट मुख्यतः बेडकांवर चालते. मोठी झाली की उंदीर, बेडूक, सरडे, पाखरे, अंडी, प्रसंगी दुसरा सापही तिला चालतो. कोंबडीची पिले आणि अंडीही ती सोडत नाही, हेही सांगितले पाहिजे. राखणदाराचे गुण सांगताना खोडी लपवण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणजे खुराड्याला बारीक जाळी, काठी नव्हे.

उन्हाळा संपत आला की किंवा पहिल्या पावसाच्या सुमारास दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्याहून अधिक उभ्या राहतात, खाली पडतात, पुन्हा उठतात. लोक म्हणतात साप लागले. त्यांच्यावर उपरणे टाकले आणि ते वस्त्र घरात जपून ठेवले तर बरकत येते, असाही समज आहे. खरी गोष्ट अशी, की ही जोडी नर-मादीची नसते. ते दोन्ही नर असतात आणि ती त्यांची कुस्ती असते. चावाचावी नाही, फक्त समोरच्याचे डोके खाली दाबायचे. जो हरतो तो निमूट निघून जातो. आपल्याकडच्या निवडणुकांनी हा धडा घ्यायला हरकत नाही.

मादी एका वेळी साधारण सहा ते पंधरा अंडी घालते. जागा निवडते ती उबदार आणि दमट : वारूळ, झाडाची ढोल किंवा उंदराचेच जुने बीळ. ती अंड्यांपाशी काही काळ थांबून राहते असेही पाहण्यात आले आहे. साधारण दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. ती जन्मतःच फूट-सव्वा फूट लांब असतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचे पोट स्वतः भरतात. पण सगळी कुठली जगतात! मुंगूस आहे, मोर आहे, घार-गरुड आहे, खुद्द नाग आहे. सह्याद्रीच्या दाट रानात जो नागराज असतो त्याचे तर धामण हे आवडते खाद्य. एवढ्यातून जगलेली धामण सात फुटांची होते आणि मग आपल्या फडात कोयत्याखाली येते.

काही गैरसमज

पहिला : धामण गाई-म्हशींच्या पायाला विळखा घालून दूध पिते. बंधूंनो, दूध ओढायला ओठ आणि गाल लागतात. सापाला ते नाहीत. तिचे आत वळलेले दात सडाला लागले तर जनावर लाथ मारल्याशिवाय राहील काय? आणि दूध हे सापाचे अन्नच नव्हे. ते त्याला पचत नाही. गोठ्यात धामण येते ती पेंडीवर आणि कडब्याच्या गंजीत जमलेल्या उंदरांसाठी. म्हशीने दूध चोरले असेल, आटली असेल, किंवा धार काढणाऱ्याने आधीच काढले असेल. बोल मात्र धामणीवर.

दुसरा : धामण ही नागाची मादी. नाग हा शब्द पुल्लिंगी, धामण स्त्रीलिंगी, म्हणून आपण दोघांचे लग्न लावून दिले. प्रत्यक्षात नागात नर-मादी असतात आणि धामणीतही नर-मादी असतात. दोघांची कुळे वेगळी, सोयरीक जमण्याचा प्रश्नच नाही. उलट संधी मिळाली तर नाग धामणीला खातो. दोघे एका बांधावर दिसतात, कारण दोघांचे ताट एकच : उंदीर.

तिसरा : धामणीच्या शेपटीत काटा असतो, ती शेपटीने मारते आणि ते अंग सडते. शेपटीत काटा नाही, विष नाही. पकडल्यावर ती शेपटी आपटते, इतकेच.

चौथा समज सर्वांत घातक आहे : मंत्राने विष उतरते. हा समज जिवंत ठेवण्यात बिचाऱ्या धामणीचाही वाटा आहे. चावणाऱ्या सापांत बिनविषारी पुष्कळ असतात. धामण किंवा दिवड चावलेला माणूस मांत्रिकाकडे नेला तरी बरा होतो आणि न नेला तरी बरा होतो. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. मग त्याच भरवशावर मण्यार चावलेल्या पोराला तिथेच नेतात, आणि तिथे दोन तास गेले की पुढे दवाखान्याच्या हातात काही उरत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरसाल सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली, म्हणजे तुमच्या-आमच्या घरची.

कायदा आणि एका सहकारी संस्थेची गोष्ट

एके काळी आपल्या देशातून सापाची कातडी परदेशी जात. पट्टे, पाकिटे, पर्सा यांसाठी धामणीच्या कातड्याला मोठी मागणी होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे या व्यापारावर बंदी आली. आज धामण मारणे, पकडून ठेवणे, तिचे कातडे विकणे हा गुन्हा आहे. ‘माझ्या रानात निघाली’ ही सबब कायद्याला चालत नाही.

बंदी आल्यावर तामिळनाडूतील इरुला जमातीच्या लोकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. पिढ्यान् पिढ्या ते साप पकडत आणि कातडी विकत. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्याने त्यांनी १९७८ साली मद्रासजवळ सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. होय, आपल्यासारखीच सहकारी. हे सभासद सरकारी परवान्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात, त्यांचे विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप रानात सोडून देतात. त्या विषापासून प्रतिविषाची लस तयार होते. या जमातीतील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जो माणूस कातड्यासाठी साप मारीत होता, तोच आज साप जिवंत ठेवून माणसे वाचवतो आहे. सहकारात काय ताकद आहे, ती अशी.

आपण काय करावे?

१) तोडीच्या वेळी फड चारी बाजूंनी घेरत आणू नये. शेवटच्या तुकड्याला बांधाकडची किंवा ओढ्याकडची एक बाजू मोकळी ठेवावी. जनावराला वाट मिळाली की ते वाटेने जाते. टोळीच्या मुकादमाला हे आधीच सांगून ठेवावे.

२) पाचट पेटवू नये. पाचटाबरोबर धामण, तिची अंडी, बेडूक, सरडे सारेच भाजून निघतात. उंदीर मात्र खोल बिळात बसून राहतो. म्हणजे आगीत राखणदार मरतो आणि चोर वाचतो. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते, हा फायदा निराळा.

३) उंदरासाठी विषारी आमिष वापरायचे झाल्यास कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणेच वापरावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. उघड्यावर पडलेला विषारी उंदीर कुत्र्याच्या, घुबडाच्या किंवा धामणीच्या पोटात जाऊ शकतो.

४) बांधावरचे जुने झाड, ढोल, वारूळ शक्यतो राहू द्यावे. मात्र घराला लागून लाकडे, विटा, कडबा यांचे ढीग नकोत. राखणदार रानात बरा, उंबऱ्यात नको.

५) घरात साप शिरला तर लांबून नजर ठेवावी, पोरे-जनावरे बाजूला घ्यावीत आणि वनखात्याला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवावे. स्वतः धरण्याची हौस करू नये.

६) फडात जाताना बूट घालावेत, रात्री बॅटरीशिवाय पाणी धरायला जाऊ नये. कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांनी जमिनीवर न झोपता बाजेवर आणि मच्छरदाणीत झोपावे. त्यांना बाज-मच्छरदाणी मिळते की नाही हे पाहणे आपलेही काम आहे. ती माणसे आपलाच ऊस तोडायला घरदार सोडून आलेली असतात.

दंश झालाच तर

साप कोणता हे ओळखत बसू नये. ‘धामणच होती’ असे म्हणून घरी थांबू नये. माणसाला धीर द्यावा, चालवू नये. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा फळी लावून स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, जोडवी काढून घ्यावीत. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. १०८ वर गाडी बोलवावी. ती यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

एकट्या धामणीने उंदीर संपतील असे आम्ही म्हणत नाही. बिळे बुजवणे, बांध साफ ठेवणे, लोळलेला ऊस बांधणे ही कामे आपल्यालाच करायची आहेत. पण जे जनावर मजुरी मागत नाही, उचल घेत नाही, हंगाम संपला तरी काम सोडत नाही, त्याला निदान काठी तरी मारू नये. येत्या तोडीत शेवटच्या तुकड्यातून धामण निघाली तर कोयता खाली ठेवून दोन पावले मागे सरा. ती आपल्या वाटेने बांधावर जाईल, आणि खोडवा फुटायच्या आत पुन्हा कामावर हजर होईल.